'डिनाय' केलं की 'रिफ्यूज'? आणि भावानं नक्की काय सोडलं?

आधी पत्र, थोडं कापून देतेय:

"ताई, मी कराडची, मराठी मीडियमची, सध्या हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टला आहे. मॅनेजरनं सलग तिसऱ्या शनिवारी बोलावलं तेव्हा मी मेलवर 'आय डिनाय टू वर्क ऑन सॅटर्डे' असं लिहिलं. त्यानं ते वाक्य टीमच्या ग्रुपवर टाकलं, हसायच्या इमोजीसकट. मग मी चिडून नेटवरून 'नाकारणे'चे 40 इंग्लिश शब्द उतरवून घेतले, पाठ केले आणि पुढच्या वेळी 'आय रिनाउन्स धिस शिफ्ट' लिहिलं. आता सगळे मला संन्यासी म्हणतात. दुसरं म्हणजे माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, त्यानं आत्ता तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि शपथेचा व्हिडिओ पाठवला, तर त्यातही तोच शब्द, रिनाउन्स, आणि वर अ‍ॅबज्युअर म्हणून अजून एक. आईनं अर्थ विचारला. मी डिक्शनरीत बघून 'त्याग करणे, कायमचं सोडून देणे' असं सांगितलं. तेव्हापासून आई त्याचा फोन घेत नाहीये. तो म्हणतो आई डिनायलमध्ये आहे. ताई, हे सगळे शब्द लक्षात तरी कसे ठेवायचे, डिक्शनरीत सगळ्यांपुढे 'नाकारणे'च लिहिलंय. — शनिवारवाली"

अगं शनिवारवाली,

खोटं कशाला बोलू, 'आय रिनाउन्स धिस शिफ्ट' वाचून मी इतकी हसले की चहा सांडला. मग आईचं वाचलं आणि गप्प झाले. तुला वाटतंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एक ऑफिसचा आणि एक घरचा, पण मला तसं वाटत नाही, दोन्हीकडे घोळ एकच आहे. तू डिक्शनरीला विचारलंस की या शब्दाचा अर्थ काय, आणि ती बिचारी म्हणाली नाकारणे. विचारायचं होतं ते वेगळंच, की बाई, नाकारलं ते काय? कुणी काही बोललं ते नाकारलं, कुणी काही करायला सांगितलं ते, कुणी काही पुढे केलं ते, की स्वतःचंच काहीतरी होतं ते सोडलं? या प्रश्नाचं उत्तर आलं की 40 पैकी 35 शब्द आपोआप गळून पडतात, पाठ करायला लागत नाहीत.

मला हे शिकवलं ते एका वकीलसाहेबांनी, आणि तेही चारचौघांत इज्जत काढून. मी वीसेक वर्षं एका जिल्हा कोर्टाच्या आवारात टायपिंग आणि भाषांतराची कामं केली. पहिल्याच वर्षी एक कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीनं दिलेलं लेखी उत्तर, इंग्लिशमध्ये करायला आली, त्यात नेहमीचं वाक्य, की दाव्यातील कलम 4 मधील मजकूर प्रतिवादीस नाकबूल आहे. मी 'नाकबूल'चं केलं 'रिफ्यूज्ड'. साहेबांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, मजकूर काय ताटात वाढला होता का, नको म्हणायला?" मला तेव्हा रडू आलेलं, आज वाटतं याच्यापेक्षा चांगलं ग्रामर मला कुणी शिकवलं नाही. ताटात वाढलेलं आपण 'रिफ्यूज' करतो. कुणी आपल्याबद्दल काहीतरी बोललं आणि आपण म्हटलं छे, असं झालंच नाही, तर ते 'डिनाय'.

आता गंमत बघ, मराठीत हा फरक तुझ्या तोंडात आधीपासून आहे, शाळेत कुणी शिकवलेला नसताना. समज एखाद्या क्लार्कवर लाच घेतल्याचा आरोप झाला. तर आपण म्हणतो त्यानं पैसे घेतल्याचा इन्कार केला. आणि समज दुसऱ्या क्लार्कपुढे कुणी पाकीट सरकवलं आणि त्यानं ते परत ढकललं, तर आपण म्हणतो त्यानं पैसे घ्यायला नकार दिला. 'घेतल्याचा इन्कार' आणि 'घ्यायला नकार', तू आयुष्यात कधी 'घ्यायला इन्कार' म्हणाली आहेस का? कानाला खटकतं ना? इंग्लिशमध्ये सेम टू सेम तेच आहे. पहिला क्लार्क 'डिनाईड टेकिंग द मनी', दुसरा 'रिफ्यूज्ड टू टेक द मनी'. जिथे मराठीत 'ल्याचा' येतं तिथे डिनाय, जिथे 'यला' येतं तिथे रिफ्यूज, आणि 'टू' लागतो तो फक्त रिफ्यूजला. तुझं वाक्य होतं शनिवारी यायला नकार, म्हणजे 'यला', म्हणजे रिफ्यूज. 'डिनाय टू' हे इंग्लिशमध्ये चालतच नाही. पण तुझ्या मॅनेजरला सांग की भारतात निम्मी ऑफिसं हे रोज लिहितात, तो स्वतः लिहीत नसेल याची मला अजिबात खात्री नाही.

ही चूक येते कुठून तेही सांगते, म्हणजे तुला वाईट वाटायचं कमी होईल. कॉम्प्युटरवर 'अ‍ॅक्सेस डिनाईड' येतं, पेपरात 'बेल डिनाईड' येतं, पबच्या दारात 'एन्ट्री डिनाईड'. आपण बघतो आणि समजतो की डिनाय म्हणजे नाही म्हणणं. पण तिथे कोण कुणाला नाही म्हणतंय बघ. ज्याच्या हातात किल्ली आहे तो दुसऱ्याला काहीतरी देत नाहीये. म्हणून तू मॅनेजरला 'आय डिनाय युअर रिक्वेस्ट' असं लिहिलं असतंस तर ग्रामर बरोबर झालं असतं आणि नोकरी गेली असती, कारण ते वाक्य सिंहासनावर बसून म्हणायचं आहे.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर थोडं लांबवते, कारण 'डिनाय' हा शब्द जितक्या काळजीनं तिथे वापरतात तितका कुठेच नाही. 1908 चा दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा आहे, त्यातली ऑर्डर 8 म्हणजे कैफियत कशी द्यायची त्याचे नियम. तिथे नुसतं 'सगळं खोटं आहे' म्हणून भागत नाही, वादीनं केलेल्या एकेका विधानाला वेगवेगळं उत्तर द्यायला लागतं, आणि जे विधान स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल केलं असं धरलं जातं. म्हणून तर त्या कैफियतींमध्ये पानंच्या पानं नाकबूल, नाकबूल, नाकबूल असा नन्नाचा पाढा असतो, आम्ही टायपिस्ट लोक तर डोळे मिटून तो शब्द मारायचो. आणि त्यातला एक नियम मला फार आवडतो, टाळाटाळीच्या इन्काराचा. वादी म्हणाला मी याला 5000 रुपये दिले, आणि प्रतिवादीनं नुसतं लिहिलं की मला 5000 मिळाले नाहीत, तर ते पुरत नाही. कारण काय सांगावं, 4900 मिळाले असतील! त्यानं असं लिहायला पाहिजे की ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग मला मिळालेला नाही, नाहीतर मग किती मिळाले ते सांग. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना आपली माणसं बरोबर कळली होती. घरात सुद्धा बघ, 'मी पाचची पाच करंज्या खाल्ल्या नाहीत' असं म्हणणाऱ्या मुलानं किती खाल्ल्या असतील?

आणि जे कबूलही करत नाहीत आणि नाकबूलही, त्यांचं वेगळंच. अमेरिकेतली सीआयए ही गुप्तहेर संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे, विचारलं की ठरलेलं उत्तर, आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही. 2014 मध्ये त्यांनी ट्विटरवर खातं उघडलं तेव्हा पहिलंच ट्विट असं होतं की हे आमचं पहिलं ट्विट आहे याला आम्ही दुजोरा देऊ शकत नाही आणि इन्कारही करू शकत नाही. आपल्याकडे हे धर्मराजानं कधीच करून ठेवलंय, नरो वा कुंजरो वा.

तुझ्या 40 च्या यादीत 'रिफ्यूट' असणारच. त्याच्यापासून सांभाळ. रिफ्यूट म्हणजे नुसतं 'खोटं आहे' म्हणणं नाही, तर ते खोटं आहे हे पुराव्यानं, मुद्द्यानं दाखवून देणं. आरोप झाला की तू म्हणालीस मी त्या दिवशी ऑफिसात नव्हतेच, हे झालं डिनाय. तू गेटवरच्या पंचिंगचा रेकॉर्ड काढून दाखवलास, हे झालं रिफ्यूट. पण इंग्लिश पेपरवाले पुढाऱ्यांच्या बाबतीत दोन्हीला सरसकट रिफ्यूट लिहितात आणि तिकडचे भाषेचे जाणकार वर्षानुवर्षं डोकं आपटतायत. आपण त्यांना हसायला नको, आपणही तेच केलंय. 'खंडन' हा केवढा वजनदार शब्द होता, खंडन-मंडन, म्हणजे समोरच्याचा मुद्दा घेऊन त्याचे तुकडे करायचे आणि मग आपला मांडायचा. आता बातमीत काय येतं, अमुक साहेबांनी आरोपांचे खंडन केले. वाचायला जावं तर साहेब एवढंच म्हणालेले असतात की हे राजकीय षडयंत्र आहे. कसलं खंडन नि कसलं काय, साधा इन्कार आहे तो, तोही गाडीत बसता बसता केलेला.

'रिजेक्ट' आणि 'डिक्लाईन' पटकन सांगते. रिजेक्ट कुठे शिकायचं तर भोसरी-चाकणला, कुठल्याही शॉपफ्लोअरवर. तिथले पोरं म्हणतात जॉब रिजेक्ट झाला, जॉब म्हणजे मशिनवर केलेला पार्ट, तो मापला, गेज लावला, बसला नाही, म्हणून लाल बिनमध्ये गेला. रिजेक्टमध्ये तपासणं आलं आणि नापास करणं आलं, त्यामुळे ते लागतं. निवडणुकीत छाननीत अर्ज बाद होतो ना, तो रिजेक्ट. आणि डिक्लाईन म्हणजे समोरच्याला काही न लावता हळूच बाजूला होणं. आपल्याकडे स्थळं बघताना हे अगदी पक्कं ठरलेलं असतं, 'मुलगी पसंत नाही' हे रिजेक्ट, ते कुणी तोंडावर म्हणत नाही, आणि 'पत्रिका जुळत नाही हो' हे डिक्लाईन. जुळत असते बरं का पत्रिका, छत्तीस गुण जुळत असतात. आणि एखाद्या मुलानं हात पुढे केला आणि पोरीनं सगळ्यांसमोर त्याला उडवून लावलं, झिडकारलं, तर ते 'स्पर्न', ते तू मेलमध्ये कधीच वापरणार नाहीस, सोडून दे.

अजून एक डिनाय आठवलं, माझ्या वडिलांचं. त्यांच्या दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं, 'पेशंट डिनाईज अल्कोहोल'. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, त्यांनी कुणाकडून तरी अर्थ लावून घेतला आणि भडकले, म्हणे डॉक्टरला वाटतं मी लपवतोय. डॉक्टरांची ती लिहायची पद्धत असते, विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला, बस, एवढंच. पण वडिलांचं पूर्ण चुकलं नव्हतं गं. डिनायमध्ये तो वास आहेच, कुणीतरी आधी आरोप केलाय असा. म्हणून तर 'ती डिनायलमध्ये आहे' हे वाक्य एवढं झोंबतं. त्याच्याकडे परत येते.

आता स्वतःचं काहीतरी सोडायचे शब्द, कारण तुझ्या आईचं दुखणं या खोलीत आहे. इथे पहिले येतात ते स्वतःचेच शब्द सोडणारे. साक्षीदार पोलिसांपुढे एक बोलला आणि कोर्टात उलटला, त्यानं जबाब 'रिट्रॅक्ट' केला. आणि आधीचं मतच चुकीचं होतं असं जाहीर म्हणायला लागलं, बरेचदा दबावाखाली, तर 'रिकँट'. लॅटिनमध्ये त्याचं मूळ गाण्याचं आहे, म्हणजे परत उलटं गाणं. आपला घूमजाव त्यामानानं सरळ लष्करी.

मग हक्क. 'वेव्ह' म्हणजे माझा हक्क आहे पण मी या वेळी तो बजावत नाही, बँकेनं प्रोसेसिंग फी वेव्ह केली वगैरे. इथे आपली भाषा जरा अन्याय करते. तिकडे 'लोन वेव्हर' म्हणतात, त्यात घेणेकऱ्यानं आपला हक्क सोडला एवढंच आहे. आपण म्हणतो कर्जमाफी, जसा काही शेतकऱ्यानं गुन्हा केलेला आणि सरकारनं माफ केलं. शेतकरी चळवळीतली माणसं या शब्दावर उगाच नाही चिडत, ती म्हणतात कर्जमुक्ती म्हणा, आणि 2019 च्या राज्य सरकारच्या योजनेच्या नावात शेवटी कर्जमुक्तीच आलं. आणि बँकेनं कर्ज 'राईट ऑफ' केलं म्हणजे वेव्ह केलं असं समजू नकोस, राईट ऑफ ही बँकेच्या वहीतली नोंद आहे, वसुलीवाला तरीही दारात येऊ शकतो.

'रिलिंक्विश' म्हणजे हातातलं सोडून देणं, आपलं हक्कसोडपत्र. मराठीत त्याला किती सुंदर शब्द आहे, पाणी सोडणं. मी टाईप केलेल्या हक्कसोडपत्रांमध्ये सोडणारी जवळजवळ दर वेळी बहीण असायची, आणि कारण लिहिलेलं असायचं 'प्रेमापोटी व राजीखुशीने'. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, आणि असं पत्र नोंदवलेलं असलं तरच कामाचं. तू विचारलं नाहीस पण सांगते, भाऊबीजेच्या ताटाबरोबर कुणी कागद पुढे केला तर आधी कागद वाच, मग करंजी खा.

'रिप्युडिएट' म्हणजे मला हे बंधनकारकच नाही असं म्हणून करार किंवा नातं झुगारणं. याचं लॅटिन मूळ बायकोला सोडण्यावरून आलंय, घटस्फोटावरून. म्हणजे बघ, आपल्याकडे आमदारानं पक्षाला सोडचिठ्ठी दिली असं आपण लिहितो ते रोमन लोकांच्या हिशोबानं अगदी शास्त्रशुद्ध आहे. 'डिसओन' म्हणजे हा माझा नाहीच, नाव टाकणं, त्याच्या नावानं आंघोळ करणं. पेपरात मागच्या पानावर जाहीर नोटीस येते ना, की माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर करावा, ते. तशी नोटीस दिल्यानं मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जात नाही बरं, बापाचा राग तेवढा छापून येतो.

आणि आता 'रिनाउन्स'. याच्या पोटात 'अनाउन्स'च आहे, एकाच लॅटिन मुळाचे दोघं. म्हणजे नुसतं सोडणं नाही, तर जाहीर करून सोडणं, चारचौघांत, आवाजात. आणि जे सोडायचं ते आधी आपलं असायला पाहिजे, मोठं असायला पाहिजे. इंग्लंडचा आठवा एडवर्ड 1936 च्या डिसेंबरात गादीवरून उतरला, इतिहासात त्याला 'अ‍ॅब्डिकेशन' म्हणतात, पण 10 डिसेंबरला त्यानं सही केलेल्या कागदात क्रियापद रिनाउन्स आहे, मी माझ्यासाठी आणि माझ्या वंशजांसाठी सिंहासन सोडतो असं. टागोरांनी 1919 मध्ये जालियनवाला बागेनंतर 'सर' ही पदवी सोडली, सगळी पुस्तकं त्याला रिनाउन्स म्हणतात, पण व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्यांनी शब्द वापरलाय तो मला या पदवीतून मोकळं करा असा. किती शांत आणि किती जहाल! आणि आपल्या मातीतलं याच्याहून मोठं उदाहरण नाही ते बाबासाहेबांचं. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. मग 21 वर्षं अभ्यास, विचार, तयारी, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखो लोकांच्या समोर धम्मदीक्षा आणि 22 प्रतिज्ञा. त्यातल्या 19 व्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार एकाच दमात आहे. त्याचं इंग्लिश करताना माणसं रिनाउन्सच लिहितात, दुसरा शब्द तिथे उभाच राहत नाही.

आता कळलं का लोक का हसले? तू हे सगळं उचलून हिंजवडीतल्या शनिवारच्या शिफ्टवर ठेवलंस. शिफ्ट तुझी जहागीर नव्हती गं, तुला सोडायला.

आता आई. आधी भावाचं वाक्य पुसून टाक, आई डिनायलमध्ये नाहीये. डिनायलमध्ये असलेला माणूस म्हणतो असं काही झालंच नाही. ती तर झालंय हे इतकं पक्कं मानून बसलीय की फोन उचलत नाहीये. तिला तू जो अर्थ सांगितलास तो घेऊन बसलीय ती, 'त्याग करणे, कायमचं सोडून देणे', आणि कर्माची जागा रिकामी होती ना वाक्यात, काय सोडलं ते कुणी सांगितलं नाही, तर तिनं ती स्वतः भरली. आयांना अशा जागा भरायला सांगायला लागत नाही.

मग ती जागा बरोबर भरू. त्या शपथेत काय सोडलंय ते अगदी स्पष्ट लिहिलंय, कुठल्याही परक्या राजाप्रती, सत्ताधीशाप्रती, राज्याप्रती किंवा सार्वभौम सत्तेप्रती असलेली निष्ठा आणि इमान. अ‍ॅबज्युअर म्हणजे तेच, फक्त शपथेवर. ही भाषा त्यांच्या 1795 च्या कायद्यापासून चालत आलेली आहे, तेव्हा नवीन देश होता आणि इंग्लंडच्या राजाची धास्ती होती, म्हणून त्यात राजे नि सरदार आलेत. तुझ्या भावानं न्यू जर्सीत उभं राहून मुळात ती भीती म्हणून दाखवली. त्यात आई नाही, कराड नाही, मराठी नाही, कुलदैवत नाही.

आणि हे जरा नीट समजून घे, कारण भाऊसुद्धा चुकीचं सांगत असेल. ही शपथ घेऊनही कितीतरी देशांच्या लोकांचा जुना पासपोर्ट तसाच राहतो, ब्रिटिश माणसाचा राहतो. तुझ्या भावाचं भारतीय नागरिकत्व गेलं ते त्या शब्दामुळे नाही, ते गेलं आपल्याच 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 मुळे, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, दुसरं स्वखुशीनं घेतलं की इथलं संपतं. स्वतः अर्ज करून भारतीय नागरिकत्व सोडायचं कलम वेगळं आहे, 8 नंबरचं, तिथे खरी घोषणा करायला लागते. म्हणजे मराठीत सांगायचं तर त्यानं सोडलं असं म्हणण्यापेक्षा ते सुटलं. पण हे 'सुटलं' आईला पुडी म्हणून देऊ नकोस हां. त्यानं अर्ज केला, फी भरली, मुलाखत दिली, आपल्या पायानं जाऊन हात वर केला. काय सुटणार आहे हे त्याला माहीत होतं. आईला फसवलंस तर दुसऱ्यांदा ती तुझाही फोन घेणार नाही.

पुढे अजून एक कागद येईल, त्याचीही तयारी ठेव, जुना भारतीय पासपोर्ट जमा करायचा, त्याला 'सरेंडर' म्हणतात, आणि मग सर्टिफिकेट. आईनं सरेंडर हा शब्द टीव्हीवर गडचिरोलीच्या बातम्यांत ऐकलेला असणार, बंदुका खाली ठेवणारे वगैरे. तर तिला आधीच सांग, दादा शरण वगैरे गेलेला नाही, पुस्तिका परत दिलीय. ते झालं की त्याला ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड करता येतं, म्हणजे आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही, गणपतीला येऊ शकतो, महिनाभर राहू शकतो. गेलं काय ते पण सांग. इथलं मत गेलं. इथे नव्यानं शेतजमीन विकत घेता येणार नाही. पण तुमची वडिलांची जमीन असेल तर वारसानं येणारा हिस्सा पासपोर्टचा रंग बघून येत नाही, तो तसाच आहे. म्हणजे त्यानं हक्कसोडपत्र केलेलं नाही, आणि आईनं त्याच्या नावानं आंघोळ करायचं काही कारण नाही. हे सगळं फोनवर नको, कराडला जा, शेजारी बस, व्हिडिओ पुन्हा लाव आणि त्या वाक्यापाशी थांबवून तिला 'निष्ठा' हा शब्द दाखव. ती कदाचित म्हणेल, निष्ठा सोडली म्हणजे राहिलं काय मग? तर त्याला उत्तर माझ्याकडे नाही, ते तुझ्या भावानं द्यायचंय, आणि डिनायल हा शब्द न वापरता.

राहिला शनिवार. त्यासाठी तुला 40 नाही, एकही शब्द पाठ करायला नको. शेजारच्या काकूंनी भिशीला बोलावलं तर तू काय म्हणतेस, नकार देते म्हणतेस का? म्हणतेस 'या वेळी जमणार नाही हो'. हेच इंग्लिशमध्ये लिही, 'आय वोन्ट बी एबल टू कम इन धिस सॅटर्डे', आणि पुढच्याच ओळीत लिही की सलग तीन शनिवार झालेत, बदली सुट्टी कधी घेऊ. कारण एकच दे, तीन दिलीस की तो सगळ्यात लंगडं धरून बसेल. 'रिफ्यूज' ग्रामरनं बरोबर आहे पण तो शब्द संपाच्या नोटिशीत शोभतो, तो मागे ठेव, कधीतरी लागेल. आणि 'अनफॉर्च्युनेटली' नको, मला तरी ते वाचलं की बँकेतून पत्र आल्यासारखं वाटतं.

गुरुवारी दुपारपर्यंत पाठव, शुक्रवारी संध्याकाळी पाठवलंस तर शब्द कितीही बरोबर असू दे, तुला यायलाच लागणार.

— तुझी ताई